मूळ काय, बदललेले काय : एका व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायरची तपासणी

धोलेरा आणि साणंद येथील चिप-निर्मितीच्या बातम्यांखाली एक वाक्य हटकून वाचायला मिळते : इलेक्ट्रॉनिक्सची गाडी भारताने सुरुवातीलाच चुकवली. त्या वाक्याची शहानिशा करण्याचा माझा काही विचार नव्हता. परंतु गेल्या पावसाळ्यात गिटारचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडून तपासण्याचा योग आला, आणि कॅलिफोर्नियात बनलेल्या त्या पेटीच्या पोटात बंगळुरू आणि कण्णूर ही दोन भारतीय गावे सापडली. त्याची ही हकिगत.

अ‍ॅम्प्लिफायर माझ्या एका सहकाऱ्याचा. तो मूळचा कोलकात्याचा. त्याचे मामा साठ-सत्तरच्या दशकांत पार्क स्ट्रीटवरील उपाहारगृहांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवीत असत. मामा गेले आणि त्यांची ही पेटी भाच्याकडे आली. सोबत दोन कौटुंबिक समजुतीही आल्या. पहिली अशी की, मामांनी ती १९६२ साली मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाकडून विकत घेतली. दुसरी अशी की, तेव्हापासून तिच्यातील एकही भाग बदललेला नाही. एका व्यापाऱ्याने ‘सर्व भाग मूळचे असतील तर’ या अटीवर चांगली किंमत देऊ केली होती. सहकाऱ्याला मात्र ती विकायची नव्हती. मामांच्या पहिल्या स्मृतिदिनी त्याला ती वाजवायची होती, आणि त्याआधी तिच्याविषयी खरे काय ते जाणून घ्यायचे होते.

पहिली समजूत पेटी उघडण्यापूर्वीच ढासळली. पुढच्या काळ्या पट्टीवर ‘फेंडर डीलक्स रिव्हर्ब’ असे नाव होते. हे मॉडेलच १९६३ मध्ये बाजारात आले. त्याच्या मंडलाचे नाव एबी ७६३. त्यातील ७६३ म्हणजे १९६३ सालचा सातवा महिना. पेटीच्या आत डाव्या बाजूला व्हॉल्व्हची जागा दाखविणारा छापील तक्ता चिकटविलेला असतो. त्यावर रबरी शिक्क्याने उमटविलेली एन आणि एच ही दोन अक्षरे अजून वाचता येत होती. फेंडरच्या पद्धतीत पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ए म्हणजे १९५१, त्या हिशेबाने एन म्हणजे १९६४. एच हा आठवा महिना. ऑगस्ट १९६४. मामांनी पेटी घेतली असेल ती त्यानंतरच.

परंतु शिक्का कागदावरचा असतो, आणि कागद एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जाऊ शकतो. म्हणून आतील भागांची साक्ष काढावी लागते. अमेरिकी इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने प्रत्येक कारखान्याला एक क्रमांक दिला होता, आणि कारखाने आपल्या मालावर तो क्रमांक, वर्ष व आठवडा असे आकडे उठवीत. १३७ म्हणजे इंडियानातील सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, ६०६ म्हणजे शिकागोचे शूमाकर, २२० म्हणजे शिकागोचेच जेन्सन. आमच्या पेटीतील बहुतेक पॉटांच्या पाठीवर १३७६४१९ असा आकडा होता : सीटीएस, १९६४, एकोणिसावा आठवडा. वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरवर ६०६-४-२२. स्पीकरवर २२०४१७.

येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांवर वर्षाचा एकच अंक आहे. तो ४ म्हणजे १९५४ की १९६४, हे आकडा सांगत नाही; ते बाकीच्या पुराव्यावरून ठरवावे लागते. शिवाय पॉटावरील तारीख ही पॉट बनल्याची तारीख असते, अ‍ॅम्प्लिफायर बनल्याची नव्हे. उत्खननात एखाद्या थरात नाणे सापडले, तर तो थर नाणे पाडल्यानंतरचा आहे एवढेच सिद्ध होते. किती नंतरचा, हे नाण्याला ठाऊक नसते. फेंडरच्याच इतिहासात याचा ठळक दाखला आहे. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर विकत घेतली. त्यानंतर १९६६ साली पॉटांचा इतका प्रचंड साठा खरेदी झाला की, १९६९ पर्यंतच्या वाद्यांतही १९६६चे पॉट आढळतात. ते पाहून वाद्याला १९६६चे म्हणणारा फसतो.

आमच्या बाबतीत एप्रिल-मेचे सुटे भाग आणि ऑगस्टचा शिक्का यांचा मेळ उत्तम बसत होता. तेवढ्यावर दुसरी समजूतही खरी ठरेल, अशी आशा सहकाऱ्याला वाटू लागली होती. मग आम्ही चासी बाहेर काढली.

ज्यांनी असे यंत्र कधी उघडलेले नाही त्यांना एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्हना ४०० व्होल्टहून अधिक दाब मिळतो, आणि तो गाळून स्थिर करणारे पाच कंडेन्सर मिळून ८० मायक्रोफॅरड होतात. अर्धा सीव्ही वर्ग हे सूत्र आपण बारावीत पाठ केलेले असते. त्याने सुमारे ६ जूल ऊर्जा निघते. प्लग काढल्यानंतरही ती तेथेच दबा धरून असते. रेझिस्टरमधून ती काढून टाकल्याशिवाय आणि मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय हात आत घालू नये.

आतील दृश्य सुंदर होते, हे कबूल केले पाहिजे. मेण चढविलेल्या फायबरच्या पट्टीवर पितळी डोळ्यांत ओळीने बसविलेले तपकिरी कार्बन रेझिस्टर, निळ्या आवरणाचे कंडेन्सर, कापडी वेष्टनाच्या तारा. एका कोपऱ्यात कागदी चिकटपट्टीचा तुकडा होता. फेंडरच्या कारखान्यात जोडणीचे काम करणाऱ्या स्त्रिया अशा तुकड्यावर आपले नाव लिहीत. येथील शाई उडून गेली होती. पण पट्टी होती आणि तिच्याखालची धूळ नसलेली स्वच्छ जागाही होती.

मूळ सांधा आणि नंतरचा सांधा यांतील फरक ओळखायला फार विद्या लागत नाही, सवय लागते. कारखान्यात भागाची तार पितळी डोळ्यातून आरपार जाते आणि त्या एका डोळ्यात जेवढ्या तारा यायच्या तेवढ्या एकदमच सोल्डर होतात. वर चढलेले सोल्डर सपाट आणि मोजके असते. दुरुस्ती करणारा पट्टी उचलत नाही. तो जुन्या भागाची तार मध्येच कापतो, उरलेल्या टोकाला नव्या भागाची तार गुंडाळतो आणि वर सोल्डरचा थेंब ठेवतो. असे तीन थेंब आम्हाला दिसले. शिवाय दोन ठिकाणी कापडी तारांत एक लाल प्लास्टिकची तार मिसळलेली होती.

पहिला बदल म्हणजे आवाजाचा एक पॉट. त्याच्या पाठीवर कोणताही संकेत नव्हता. मूळ पॉट १ मेगओहमचा आणि लॉग प्रकारचा असतो : अर्ध्या फिरवणीला रोध एकूण रोधाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढाच येतो, कारण आपल्या कानाला आवाजाची वाढ गुणोत्तरात जाणवते. बसविलेला पॉट लिनिअर निघाला. अर्ध्या फिरवणीला बरोबर निम्मा. अशा अ‍ॅम्प्लिफायरवर बटण थोडे सरकवताच आवाज उसळतो आणि पुढची सारी फिरवणी वाया जाते. हे ऐकून सहकारी हसला. मामा नेहमी म्हणत, “याचा आवाज दोनच्या पुढे नेऊ नका, कान फाटतील.” घरात सर्वांना ते अमेरिकन यंत्राच्या ताकदीचे लक्षण वाटत असे.

दुसरा बदल चासीच्या पाठीमागे, पत्र्याच्या झाकणाखाली होता. पाच कंडेन्सरांपैकी चार मूळचे, पुठ्ठ्याच्या वेष्टनाचे. पाचवा निळसर प्लास्टिकचा आणि त्यावर स्पष्ट अक्षरांत केल्ट्रॉन. केरळ राज्याच्या या कंपनीची स्थापना १९७३ सालची, आणि तिचे कंडेन्सर कण्णूर जिल्ह्यात बनत. म्हणजे ही दुरुस्ती १९७३ नंतरचीच. ज्या तर्काने आम्ही १९६२ची समजूत खोडली, त्याच तर्काने आता मामांच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या दुसऱ्या आयुष्याला तारीख मिळू लागली.

तिसरा बदल सोल्डरशिवायचा, म्हणून सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत बोलका. या यंत्रात नऊ व्हॉल्व्ह आहेत : चार १२एएक्स७, दोन १२एटी७, दोन ६व्ही६ आणि वीज एकदिश करणारा एक जीझेड३४. व्हॉल्व्ह खोबणीत बसतात, कारण ते संपणार हे गृहीतच धरलेले असते. त्यांच्या बाबतीत ‘मूळचे’ या शब्दाला फारसा अर्थ नाही. तरीही सात व्हॉल्व्ह अमेरिकन होते. पहिल्या आणि चौथ्या खोबणीत मात्र ईसीसी८३ असे नाव आणि बीईएल ही अक्षरे असलेले व्हॉल्व्ह होते. ईसीसी८३ हे १२एएक्स७चेच युरोपीय नाव. अमेरिकन नावातील १२ हा तंतूचा व्होल्टदाब सांगतो. युरोपीय नावातील ई हे अक्षर ६.३ व्होल्ट सांगते, सी म्हणजे ट्रायोड, दोनदा सी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. तंतूला मधून टोक काढलेले असल्यामुळे तोच व्हॉल्व्ह १२.६ आणि ६.३ अशा दोन्ही दाबांवर चालतो; दोन्ही नावे आपापल्या परीने खरीच.

सहकाऱ्याची पहिली प्रतिक्रिया निराशेची होती. हे ‘देशी’ व्हॉल्व्ह काढून अमेरिकन बसवावेत, असे तो म्हणाला. मी त्याला थांबविले, आणि त्यामागे थोडा इतिहास आहे.

भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना बंगळुरूत १९५४ साली झाली. रेडिओसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हचे उत्पादन तेथे १९६१ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी जर्मेनियमच्या अर्धवाहकांचे. ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर १९४७चा. व्हॉल्व्हचे युग जगात मावळू लागले असताना आपण त्यात शिरलो, ही टीका म्हणूनच चुकीची नाही. परंतु काच-धातूचा सांधा, उच्च निर्वात, ऑक्साइड चढविलेला कॅथोड आणि एकेका मिलिमीटरहून कमी अंतरावर गुंडाळलेली ग्रिडची तार, हे सारे लाखोंच्या संख्येने आणि सारख्याच दर्जाने करणे म्हणजे पदार्थविज्ञानाची एक कठोर शाळाच होती. ‘गाडी चुकली’ म्हणणाऱ्यांना ही शाळा दिसत नाही, कारण तिचा माल लोकांच्या घरातील रेडिओत बसला आणि रेडिओबरोबर भंगारात गेला. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो टिकला, कारण गिटारवाल्यांनी व्हॉल्व्ह कधी सोडलेच नाहीत. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या दशकांत कोलकात्यातील कारागिराला अमेरिकन १२एएक्स७ कोठून मिळणार? त्याला बंगळुरूचा मिळाला, आणि तो चपखल बसला. आम्ही तो मीटरवर तपासला. दोन्ही ट्रायोड अजून ठणठणीत होते.

बदललेला भाग म्हणजे भ्रष्ट झालेला भाग, ही कल्पना संग्राहकांनी रूढ केली आहे. ती कितपत टिकते, हे पाहण्यासाठी लंडनला जावे. १९६२ साली हॅनवेल येथील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी एक अ‍ॅम्प्लिफायर बनविला. मंडल जवळजवळ जसेच्या तसे फेंडरच्या ५एफ६-ए बासमनचे. फरक पडला तो भागांत, आणि बराचसा ते लंडनमध्ये मिळत नसल्यामुळे वा महाग पडत असल्यामुळे. पहिल्या जागी ४४ पट वर्धनांकाचा १२एवाय७ होता, तेथे १०० वर्धनांकाचा ईसीसी८३ आला. पुढे शेवटच्या टप्प्यात ब्रिटिश केटी६६ आले. जेन्सनच्या चार १० इंची स्पीकरांऐवजी सेलेस्शनचे चार १२ इंची स्पीकर एका बंद पेटीत बसले. नकलेचा आवाज अस्सलाहून वेगळा निघाला, लवकर फाटू लागला, आणि त्या फाटण्यावर पुढे ब्रिटिश रॉक संगीताचा मोठा भाग उभा राहिला. ज्याला आज जग अस्सल मार्शल म्हणून पूजते, तो भाग बदललेला फेंडर आहे.

असे असले तरी सारे होते तसेच ठेवावे, असेही म्हणता येत नाही. येथेच आमचा खरा पेच होता.

मूळच्या चार कंडेन्सरांची किंमत संग्राहकाच्या दृष्टीने मोठी. पण इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधील पृथक्करण करणारा थर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा. तो विजेखाली राहिला तर टिकतो. वर्षानुवर्षे पडून राहिला, आतील द्रव सुकला, की गळू लागतो. गळती वाढली की तो तापतो, आणि जाताना एकटा जात नाही, वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. ६०६-४-२२ हा आमचा सर्वांत मोलाचा साक्षीदार त्यात जळाला असता. त्याच्यावर आधीच ताण होता : ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला ५० हर्ट्झवर तेवढ्याच व्होल्टला २० टक्के अधिक चुंबकीय अभिवाह सोसावा लागतो.

त्याहून फसवे ते निळे कंडेन्सर. शेवटच्या दोन ६व्ही६ व्हॉल्व्हच्या ग्रिडवर सुमारे उणे ३५ व्होल्ट दाब ठेवलेला असतो, २२० किलोओहमच्या रेझिस्टरमधून. ग्रिडला जोडलेल्या कंडेन्सरच्या दुसऱ्या टोकाला अधिक २२० व्होल्टच्या आसपास. आता त्या कंडेन्सरमधून १० मेगओहम इतकीच गळती आहे असे समजा. साध्या मीटरवर तो कंडेन्सर निर्दोष दिसेल. पण २५५ व्होल्टच्या फरकाचा जवळपास शेहेचाळिसावा भाग ग्रिडवर येतो, म्हणजे साडेपाच व्होल्ट. उणे ३५चे उणे २९.५ होतात, व्हॉल्व्हमधून धारा वाढते, पत्रा लाल होऊ लागतो. आमच्या दोन कंडेन्सरांपैकी एकात नेमके हेच घडत होते. मूळचा, देखणा, आणि घातक.

तिसरा धोका माणसाच्या जिवाचा. त्या काळच्या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरला दोन पिनांचा प्लग असे, आणि गुणगुण कमी व्हावी म्हणून वीजवाहिनी व चासी यांच्यामध्ये ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर जोडलेला असे. तंत्रज्ञ त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात. भारतात असे यंत्र २३० व्होल्टवरून ११० व्होल्ट करणाऱ्या ऑटोट्रान्सफॉर्मरवर चालविले जाई. ऑटोट्रान्सफॉर्मर विलगीकरण करीत नाही. त्याचा प्लग उलटा बसला तर अ‍ॅम्प्लिफायरच्या एका तारेवर जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात. त्या कंडेन्सरचा ५० हर्ट्झवरील रोध सुमारे ६८ किलोओहम. धारा ३.४ मिलिअँपिअर. गिटारच्या तारांवर हात आणि ओठ मायक्रोफोनला, अशा स्थितीत तो सणसणीत झटका. आणि कंडेन्सर शॉर्ट झाला तर मृत्यू. हा भाग अस्सल आहे म्हणून ठेवावा, असे म्हणणाऱ्याशी माझा वाद नाही, कारण वाद घालायला तो फार दिवस उरणार नाही.

अखेर आम्ही ठरविले ते असे. डेथ कॅप निघाला, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग आले, आणि विलगीकरण करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतला. पाचही इलेक्ट्रोलिटिक बदलले. केल्ट्रॉनचाही, कारण पन्नाशीकडे झुकलेला कंडेन्सर देशी असला तरी म्हाताराच. ग्रिडचा गळका कंडेन्सर बदलला, त्याचा जोडीदार राहू दिला. कार्बन रेझिस्टर १०० किलोओहमऐवजी १०८ ते १२१ दाखवीत होते. दमट हवेत हे व्हायचेच. त्यातील एकच बदलला, कारण तो खरखरत होता. १०० किलोओहमच्या कोणत्याही रेझिस्टरमध्ये केवळ तापमानामुळे, १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, सुमारे ४ मायक्रोव्होल्टचा गोंगाट असतोच. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलेली ही मर्यादा कोणालाही चुकत नाही. पण कार्बनच्या कणांतून धारा वाहते तेव्हा त्यावर आणखी एक खरखर चढते, आणि आमच्या त्या रेझिस्टरने तिची हद्द केली होती.

बंगळुरूचे दोन्ही ईसीसी८३ आपापल्या खोबणीत राहिले. लिनिअर पॉटही राहिला. तो सहकाऱ्याचा हट्ट. दोनच्या पुढे न नेण्याचा मामांचा नियम त्याला पाळायचा होता.

डिमरस्टॅटवर व्होल्ट हळूहळू चढवीत आणि सिरीजमध्ये बल्ब लावून आम्ही यंत्र सुरू केले. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला; सारे ठीक असल्याची ती खूण. काढलेला प्रत्येक भाग एका पाकिटात घालून, तो कोठून काढला आणि त्याचे मोजमाप काय आले, हे लिहून ते पाकीट पेटीच्या तळाशी बांधून ठेवले आहे. माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेत जुनी उपकरणे दुरुस्त होताना अशी नोंद ठेवलेली मी एकदाही पाहिलेली नाही. काढलेले भाग तेथे थेट कचऱ्यात जातात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. केल्ट्रॉनचा कंडेन्सर काढला तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा दिसला : २-८-७८. त्यापुढे बंगालीत दोन अक्षरे आहेत, बहुधा दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे. मामांबरोबर वाजविणाऱ्यांपैकी जे हयात आहेत, त्यांच्याकडे सहकारी सध्या चौकशी करतो आहे.